ब्रेक लाईट नसलेल्या पिकअपमधून सिल्लोडकडे

राग निवळल्यावर या प्रवासाबद्दल लिहायचं, असं मी ठरवलं होतं. बरेच दिवस वाट पाहिली. तो काही निवळत नाही. तेव्हा आहे तसाच लिहून टाकते.

आमचं गाव जुन्नर तालुक्यात. मी आणि माझा नवरा विलास, आम्ही मधमाश्या पाळतो. उन्हाळ्याच्या तोंडावर सिल्लोडकडच्या शेतांत बियाण्याचा कांदा फुलावर येतो, आणि माश्या फिरल्याशिवाय त्याच्या गोंड्यांत दाणा धरत नाही. म्हणून तिकडचे शेतकरी आमच्यासारख्यांकडून मधपेट्या मागवतात. यंदा पहिल्यांदाच आम्हाला इतक्या लांबचं बोलावणं आलं होतं.

त्यासाठी विलासनं दिवाळीनंतर एक जुनी पिकअप घेतली होती. आधीच्या मालकानं तिच्यातून वर्षानुवर्षं टोमॅटो वाहिले होते. पेट्या दोन थरांत बसाव्यात म्हणून विलासनं मागच्या हौद्यात लोखंडी मांडणी बसवून घेतली. गाडी चालवायचा तोच. पण निघायच्या थोडं आधी विहिरीच्या पायरीवरून तो घसरला, उजवं मनगट मोडलं, हाताला प्लास्टर आलं आणि स्टिअरिंग माझ्याकडे आलं. गाडी देताना त्यानं मला सगळं सांगितलं. दुसरा गिअर कसा अडकतो, डावा आरसा कसा हलतो, डिझेलचा काटा कसा खोटं बोलतो. सगळं म्हणजे, मला तेव्हा वाटलं की सगळं.

मधमाश्यांचा प्रवास सूर्य मावळल्यावर सुरू करावा लागतो. माश्या घरी परतल्या की पेट्यांच्या दारांना जाळी लावायची, दोर आवळायचे आणि ऊन चढायच्या आत पोचायचं. कोंडलेली पेटी उन्हात उभी राहिली की आतल्या माश्या घाबरून पंख मारायला लागतात, त्यानं आणखी उष्णता वाढते, मेणाची पोळी मऊ होऊन खचतात आणि माश्या आपल्याच मधात बुडून मरतात. हे एकदा पाहिलं की माणूस अशा प्रवासात वाटेत कुठं रेंगाळत नाही.

उजाडताना आम्ही प्रवरासंगमाच्या पुलावर होतो. गोदावरीचं पाणी राखाडी दिसत होतं आणि काठावर कुणीतरी मासे उतरवत होतं. विलास खिडकीतून बघत म्हणाला, "परत येताना थांबू इथं." मी हो म्हटलं. तोवर सगळं छान चाललं होतं. एकच गोष्ट खटकत होती. मागून येणारे सारखे हॉर्न मारत होते. वाळूजजवळ कारखान्यांच्या बसगाड्या आणि मोटारसायकली यांच्या गर्दीत एका ट्रकवाल्यानं आम्हाला ओलांडताना खिडकीतून हात काढला आणि मागच्या बाजूला बोट दाखवून काहीतरी ओरडला.

"काय म्हणाला तो?" मी विचारलं.

"काही नाही. इकडची माणसं घाईची," विलास म्हणाला.

छत्रपती संभाजीनगरात शिरलो तेव्हा दुकानांची शटरं अजून अर्धी खाली होती. आमच्या घरी या शहराला अजून औरंगाबादच म्हणतात. चहावाल्याला विचारलं तर तो हसून म्हणाला, "तोंडाला येईल ते म्हना, चहा तोच हाय." दिल्ली दरवाजाच्या अलीकडं एका भट्टीतून नान निघत होते. पिवळसर तकाकी असलेले, तळहाताएवढे जाड. विलासला त्याबरोबर खलिया (मटणाचा पातळ, झणझणीत रस्सा) हवा होता. मी गाडी बंदसुद्धा केली नाही. गरम नान कागदात गुंडाळून घेतले आणि चालत्या गाडीतच कोरडे खाल्ले. हर्सूल मागं पडलं. समोर सपाट माथ्याचे डोंगर दिसायला लागले, जणू कुणी वरून सुरीनं कापून काढलेत. ऊन अजून कोवळं होतं. मी मनात म्हटलं, पोचलो.

सावंगीच्या अलीकडं रस्त्यावर एक गतिरोधक होता. ना पांढरे पट्टे, ना पाटी. मला तो अगदी जवळ आल्यावर दिसला. ब्रेक दाबला, गाडी थांबल्यासारखी झाली, आणि त्याच क्षणी मागून धाडकन आवाज आला.

उतरून मागे धावले. एक स्कूटी आडवी पडली होती, तिचा पुढचा मडगार्ड फुटला होता आणि माझ्याच वयाची एक बाई रस्त्यावर बसून हेल्मेट काढत होती. सलवारीचा गुडघा फाटून रक्त येत होतं, तळहात सोलले होते. मी तिला उठवायला हात पुढे केला. तिनं तो झटकला.

"ब्रेक मारताय आन् मागं लाईटच नाय? मला काय स्वप्न पडावं का तुम्ही थांबताय म्हनून?"

"लाईट लागला असणार. तुम्ही फार जवळ होता," मी म्हटलं. मला खरंच तसं वाटत होतं.

"लागला? या, दाखवते. इथं उभ्या ऱ्हा."

ती लंगडत पुढे गेली, माझ्या जागेवर चढली आणि तिनं ब्रेक दाबला. मी मागे उभी राहून पाहिलं. दोन्ही दिवे काळे. तिनं पुन्हा दाबला. पुन्हा काळे. मग तिनं चारही दिवे एकदम उघडझाप करतात ते धोक्याचं बटण शोधून दाबलं. काहीच नाही. खिडकीतून डोकं काढून ती एवढंच म्हणाली, "बोला आता."

बोलला विलास. "बल्ब गेला असेल मॅडम. जुनी गाडी आहे, होतं असं."

"दोन्ही बल्ब? आन् हे चारी बी? समदे एकाच दिशी गेले?"

तिचं नाव नसरीन. ती शहरात राहते आणि फुलंब्रीच्या एका शाळेत शिकवते. रोज सकाळी याच रस्त्यानं जाते. हे मला नंतर कळलं. त्या वेळी ती उतरली, पडलेली स्कूटी उचलली, ढकलत पुढे नेली आणि आमच्या पिकअपच्या बंपरसमोर आडवी लावली.

"पुढं चौक्याचा घाट हाय. तिथं ही गाडी अशी जानार? आमच्या शाळेतल्या बाया याच रस्त्यानं येतात, गाडीवर पोरं घेऊन. मी नाय जाऊ देनार."

मला तिचा राग आला, हे लपवत नाही. कारण पाठीमागून एक आवाज यायला लागला होता. धक्क्यानं वरच्या थरातली एक पेटी सरकली होती, तिच्या दाराची जाळी निसटली होती आणि माश्या बाहेर पडून घोंघावत होत्या. बाकीच्या पेट्यांतली गुणगुण चढत होती. ऊन चढत होतं. मी तिला हात जोडले. "ताई, आत जीव कोंडलेत. उशीर झाला तर मरतील."

"मंग लवकर करा," ती म्हणाली. "समोरच दुकान हाय."

रस्त्याच्या पलीकडं कडुनिंबाखाली पत्र्याचं शेड होतं. आत गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारे सांडूभाऊ नुकतेच दुकान उघडून उदबत्ती लावत होते. गाडी मी झाडाच्या सावलीत घेतली. सांडूभाऊ आले, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, थेट विलासला विचारलं, "काय झालं सायेब?" विलासनं सांगितलं. "डायरेक करून देतो," सांडूभाऊ म्हणाले. त्यांनी स्टिअरिंगखालचं फ्यूजच्या डबीचं झाकण काढलं आणि थांबले. "इथं तर आधीच कुनीतरी डायरेक केलंय."

मी वाकून पाहिलं. एका फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळून बसवली होती. ती जळून मधेच तुटली होती. भोवतालचं प्लास्टिक वितळून काळं पडलं होतं. माझे पाय रात्रभर त्याच्यापासून वीतभर अंतरावर होते.

ज्यांना याचा अर्थ कळत नसेल त्यांच्यासाठी सांगते. फ्यूज ही वायरिंगमधली मुद्दाम कमजोर ठेवलेली जागा. कुठं काही बिघडलं, वीज भलतीकडं धावायला लागली, की आधी तो जळतो आणि बाकीचं वाचतं. त्याच्या जागी जाड तार टाकली की तो सांगायचाच बंद होतो. मग जळायची पाळी गाडीची. माझ्या वडिलांचं ओतूरला मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. मी शाळेतून आले की तिथंच बसायचे. असली तार कुणी आणली की वडील गिऱ्हाइकाला दुकानाबाहेर उभं करून बोलायचे.

"नवी तार टाकतो, भागंल तुमचं," सांडूभाऊ म्हणाले.

"भागणार नाही, पेटेल!" मी ओरडले. रस्त्यावरचे लोक वळून बघायला लागले. "तार नका टाकू. फ्यूज द्या. बिघाड शोधायचाय."

"बाई, तुम्ही सरका तिकडं, हे तुमचं काम..." ते म्हणाले आणि तेवढ्यात कानावर हात मारून किंचाळले. सुटलेल्या माश्यांपैकी एकीनं त्यांना कानाच्या पाळीवर डंख मारला होता. सांडूभाऊ शेडात पळाले. तिथून ते पुन्हा गाडीजवळ आले नाहीत. मी मागेन ते दाराआडून जमिनीवर सरकवत राहिले. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

निसटलेली जाळी मी परत आवळली आणि विलासला पेट्यांवर ओली गोणपाटं टाकायला लावलं. शेडाजवळच्या पिंपातून तो एका हातानं पाणी आणून शिंपडत होता. नसरीन दुपट्टा तोंडाभोवती घट्ट गुंडाळून गाडीत बसली, काचा वर केल्या. "काय करू ते सांगा," ती म्हणाली. ती अजून माझ्यावर चिडलेली होती, मी तिच्यावर. पण ब्रेक दाबायला दुसरं कुणी नव्हतं.

आधी मी जे चालू होतं ते पाहिलं. मागचे लाल दिवे लागत होते. चावी फिरवून वळण्याचे पिवळे दिवेही चारही लागत होते. म्हणजे बल्ब शाबूत. बंद होते फक्त ब्रेकचे दिवे आणि धोक्याची उघडझाप, आणि या गाडीत त्या दोन्हींना चावीशिवाय थेट बॅटरीकडून वीज येते, त्याच एका फ्यूजमधून. जळलेलं प्लास्टिक खरवडून मी नवा फ्यूज बसवला. नसरीननं बटण दाबलं. टिक टिक टिक. चारही दिवे उघडझाप करायला लागले.

"झालं की!" विलास मागून म्हणाला.

"ब्रेक दाबा," मी नसरीनला सांगितलं.

तिनं दाबला. डबीत बारीक टप् असा आवाज झाला आणि सगळं विझलं.

आता निदान झालं. बटणात दोष नव्हता, बल्बमध्ये नव्हता. ब्रेकच्या पेडलपासून मागच्या दिव्यांपर्यंत जी वायर जाते ती वाटेत कुठंतरी उघडी पडून लोखंडाला टेकत होती. दर वेळी फ्यूज जाळत बसले असते तर दुपार झाली असती. वडिलांची एक पद्धत होती. फ्यूजच्या जागी एक बल्ब जोडायचा. वीज भलतीकडं धावत असेल तर तो बल्ब झगझगीत पेटतो. मग वायर हलवत जायचं. जिथं हात लागल्यावर बल्ब मंद होतो, तिथं बिघाड. सांडूभाऊंनी दाराआडून दोन चिमटे लावलेला बल्ब सरकवला. तो जोडला, नसरीननं ब्रेक दाबून धरला आणि बल्ब डोळे दिपावेत असा पेटला.

"याच्याकडं बघत ऱ्हायचं," मी तिला तिच्याच बोलीत सांगितलं. "कमी झाला की हाक मारा."

मी गोणपाट अंथरून गाडीखाली शिरले. वर पेट्यांचा आवाज इतका वाढला होता की तो पत्र्यातून माझ्या कपाळावर जाणवत होता. तोंडावर फफुटा (पिठासारखी मऊ धूळ) पडत होता. पुढून सुरुवात करून मी वायरचा जुडगा हातानं चाचपत मागे सरकत गेले. हलवलं, विचारलं, "कमी झाला?" वरून उत्तर, "नाय." आणखी मागे. "नाय." दोन्ही चाकांच्या मधे आले. "नाय." मागचं चाक ओलांडलं. तिथं हौद्याच्या तळातून एक बोल्ट खाली आला होता. चकचकीत, नवा. तो सरळ वायरच्या जुडग्यात घुसला होता. मी जुडगा बाजूला ओढला.

"झाला! कमी झाला!" नसरीन ओरडली.

मी तशीच पडून राहिले. तो बोल्ट आमच्या मांडणीचा होता.

बाहेर आले तेव्हा विलास रिकामी बादली घेऊन उभा होता. मी काही विचारायच्या आत त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"बोल्टचं माहीत नव्हतं."

"तारेचं?"

त्यानं बादली खाली ठेवली. मग म्हणाला, "मांडणी बसवली तेव्हापासून फ्यूज उडायचा. ब्रेक दाबला की उडायचा. मांडणी करणाराच म्हणाला, तार टाक. टाकली. काही दिवस लागत होते दिवे. मग तेही बंद झाले."

"कुणी टाकली तार?"

"मीच."

"आणि दिवे बंद झाल्यावर तुम्ही काय करायचात?"

"हात बाहेर काढायचो थांबताना."

"मला सांगितलंत हात बाहेर काढायला?"

तो बादलीकडं बघत राहिला. वाळूजचा तो ट्रकवाला आठवला. रात्रभर मागून वाजणारे हॉर्न आठवले. एवढी माणसं मला ओरडून सांगत होती आणि ज्याला माहीत होतं तो माझ्या शेजारी बसून, इकडची माणसं घाईची, म्हणत होता.

नसरीन गाडीतून उतरली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "मला वाटलं, दोघांनाबी ठाव नसंल," ती विलासला म्हणाली. तेवढंच. पण तिच्या आवाजातला राग गेला होता आणि त्याच्या जागी जे आलं होतं ते विलासला सोसवलं नाही. तो झाडाकडं चालत गेला.

मी बोल्ट काढला. मांडणीचा तो कोपरा दोरानं आवळून बांधला. सोललेली वायर कापून नीट पीळ देऊन जोडली, टेप लावली, वर रबरी नळीचा तुकडा चढवला. नवा फ्यूज बसवला. नसरीननं ब्रेक दाबला आणि मागे दोन्ही दिवे लालभडक लागले. तिनं सोडला, विझले. पुन्हा दाबला, लागले. धोक्याचं बटण दाबलं, चारही दिवे मिचमिचले. ती मला म्हणाली, "आता तुम्ही चला म्होरं. मी मागं येते. दिसत्यात का बघते."

चौक्याच्या घाटात पळस फुलला होता. पानं झडलेली, नुसती केशरी फुलं. आरशात नसरीन दिसत होती, हेल्मेटातला चेहरा आणि फुटका मडगार्ड. प्रत्येक वळणावर मी ब्रेक दाबला की तिचाही वेग कमी व्हायचा, बेतानं, अंतर राखून.

फुलंब्रीला तिनं हात केला. मी थांबले. शाळा कधीच भरली होती. तिनं पिशवीतून डबा काढून माझ्या हातात दिला. ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी. मी नको म्हटलं. गुडघ्याला आधी पट्टी बांधा म्हटलं. "ते बघते मी," ती म्हणाली. "तुम्ही रात्रीपासनं काय खाल्लं नसंल. खावा. आन् परत जाताना मला दिसल्या पायजे तुम्ही. मडगार्ड भाऊच बसवून देतील." विलासकडं न बघताच तिनं हे ठरवून टाकलं होतं.

सिल्लोडच्या अलीकडं आळंदच्या पुढं कडुबांचं शेत आहे. आम्हाला बोलावणारे शेतकरी ते. आम्ही पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. कडुबा बांधावर वाट बघत उभे होते. "लई येळ केला वो ताई," एवढं म्हणून माझं तोंड बघितल्यावर त्यांनी पेट्या उतरवायला हात लावला. कांद्याच्या रानात पांढऱ्या गोंड्यांचे चेंडू डोलत होते. एकेक पेटी जागेवर ठेवून मी जाळी काढत गेले. माश्या आधी दारात गोळा व्हायच्या, मग एकदम वर उठून भोवती वळसे घालायला लागायच्या. नवी जागा पाठ करून घेतात त्या. एरवी हे बघायला मला फार आवडतं.

वरच्या थरातल्या दोन पेट्या गप्प होत्या. एकीच्या दारातून मध ओघळत होता. झाकण उघडलं. पोळी खचून एकमेकांवर पडली होती आणि त्या लगद्यात माश्या होत्या. सगळ्या. दुसरीतही तसंच. सांडूभाऊंच्या दारात आम्ही जो वेळ घालवला त्याची ही किंमत होती, आणि तो वेळ घालवला नसता तर चौक्याच्या घाटात आणखी कुणीतरी दिली असती. विलास पुढे आला. प्लास्टरच्या हातानं त्यानं ती चौकट उचलायचा प्रयत्न केला. मी त्याच्या हातातून काढून घेतली.

संध्याकाळी कडुबांच्या अंगणात जेवलो. बाजरीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, वांग्याचं कोरड्यास (कालवण). कडुबांच्या बायकोनं आग्रह करून वाढलं. मी जेवले, कारण त्यांचा काही दोष नव्हता. मग आम्ही दोघं बांधावर गेलो, तेव्हा मी विचारलं.

"का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू गाडी काढलीच नसतीस."

"नसतीच काढली. नीट करून मग काढली असती."

"वेळ नव्हता. कांदा फुलून गेला असता. कडुबांनी दुसऱ्याच्या पेट्या मागवल्या असत्या." तो थांबला. "मला वाटलं, एवढी एक खेप होऊन जाईल."

मला वाटत होतं की तो विसरला असेल, किंवा त्याला लाज वाटली असेल. तसं काही नव्हतं. मी नाही म्हणेन हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्यानं विचारलंच नाही. गाडी माझ्या हाती, पाय माझे त्या तारेजवळ, मागून येणाऱ्याचा जीव माझ्या ब्रेकवर, आणि निर्णय मात्र त्यानं एकट्यानं घेऊन टाकलेला. मी त्याला हे सगळं बोलले. आवाज चढवून बोलले. कडुबांच्या घरापर्यंत ऐकू गेलं असणार.

दुसऱ्या दिवशी परत फिरलो. गाडी रिकामी, हौद्यात मांडणी खडखडत होती. फुलंब्रीत शाळेच्या फाटकाशी नसरीन भेटली. गुडघ्याला पट्टी होती, पायऱ्या ती एकेक करून उतरली. विलासनं बाजारातून शोधून आणलेला मडगार्ड एका हातानं बसवायला घेतला, तिनं दुसऱ्या बाजूनं धरला. शेवटचा स्क्रू आवळून झाल्यावर म्हणाला, "चुकलं माझं, ताई."

"मला कशाला सांगता," ती म्हणाली, "मला तर एकदाच लागलं." आणि माझ्याकडं बघून तिनं हात हलवला.

गोदावरीच्या पुलावर मी गाडी थांबवली नाही. त्यानंही आठवण केली नाही. पण जिथं जिथं थांबलो तिथं, डिझेल घेताना, चहाला, तो न सांगता खाली उतरून मागे जाऊन उभा राहायचा आणि ओरडायचा, "दाब." मी दाबायचे. "लागले." माणसं बघायची, दोघांना काय वेड लागलंय म्हणून.

प्रवासवर्णनाच्या शेवटी लोक लिहितात की परतताना मन भरून आलं होतं. माझंही आलं होतं, पण ज्यानं आलं होतं ते सांगण्यासारखं नाही. दिवे दुरुस्त करायला सकाळचे काही तास लागले. ते दिवे तसेच ठेवून शेजारी शांत बसलेल्या माणसाबरोबर पुन्हा रस्त्याला कसं लागायचं, ते मला अजून नीट कळलेलं नाही.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. फाटकात शेजारचे बाळूतात्या उभे होते. त्यांना नारायणगावच्या बाजारात टोमॅटो न्यायला गाडी हवी होती. मागच्या महिन्यातही त्यांनी ती नेली होती, नातवंडांना शेजारी बसवून. "झाला का प्रवास? चावी दे बाबा, पहाटे निघतो," ते विलासला म्हणाले.

विलासनं चावी माझ्याकडून घेतली आणि हातातच ठेवली. मग तात्यांना ओट्यावर बसवून त्यानं सांगायला सुरुवात केली. नसरीनचा गुडघा, दोन मेलेल्या पेट्या, बोल्ट. तारेपाशी येऊन तो अडला आणि त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मदत केली नाही. गाडीच्या दाराला टेकून उभी राहिले आणि वाट पाहिली.

"तुम्हाला दिली तेव्हाही दिवे बंदच होते, तात्या," तो म्हणाला. "मला माहीत होतं."